चकाल्याच्या खांबाचं परमिट

शेवंतीने डूख धरला होता. चांगला सव्वापाच वर्षांचा. नागीण म्हणे बारा वर्षं धरते, पण नागिणीला काही रोज सकाळी त्याच माणसाच्या टेबलाची काच पुसावी लागत नाही, त्याच्यापुढे चहा ठेवावा लागत नाही, आणि वर "आलं घातलंस ना गं?" हेही ऐकून घ्यावं लागत नाही. शेवंतीला हे सगळं करावं लागे. ती करायची आणि तोंडातून ब्र काढत नसे.

त्या माणसाचं नाव गोठोसकर. अंधेरीला मरोळच्या अंगाला वीज कंपनीचं मोठं सबस्टेशन होतं, तिथला तो साहेब. उंच, नाकेला, आणि बोलायला असा गोड की मुंगळे लागावेत. शेवंतीला ही झाडूपोछ्याची नोकरीही त्यानेच दिली होती. "बाईमाणूस आहे, पदरात पोर आहे, आपण नाही बघायचं तर कोणी?" असं तो चार लोकांत सांगायचा. लोक म्हणायचे, काय देवमाणूस! देवमाणूस म्हणे. तिचा नवरा यानेच मारला होता.

नवरा भीमराज. नगरकडचा, कंपनीत लाइनमन. नोकरीला लागला तेव्हा अंगठाबहाद्दर होता. पण छप्पन साली दीक्षा घेऊन आला आणि दुसऱ्याच दिवशी रात्रीच्या शाळेत जाऊन बसला. सहा महिन्यांत सही करायला शिकला. सही कसली, मोठा थोरला 'भी' आणि शेवटच्या 'ज'ची शेपटी पार खाली लोंबणारी. पण त्या दिवसापासून त्याने कुठल्याही कागदावर अंगठा टेकवला नाही. रेशनकार्डावर सही, शकुच्या शाळेच्या फॉर्मावर सही. एकदा पोस्टमन घाईत होता, शाईचं पॅड पुढे करून म्हणाला, "लाव की रे अंगठा." भीमराजने त्याला दारात उभं केलं, शेजाऱ्याकडून टाक आणला आणि सही करूनच सोडला. "अंगठ्याचे दिवस गेले, शेवंते," तो म्हणायचा. त्याच्या अंगावर सोनं नव्हतं, नाणं नव्हतं. ती सही हाच त्याचा दागिना.

आता परमिट म्हणजे काय तेही सांगायला हवं, कारण सगळी कथा त्यावरच उभी आहे. अकरा हजार व्होल्टच्या लाइनवर चढायचं तर आधी कंट्रोल रूममधून ती लाइन बंद करून घ्यायची आणि पुठ्ठ्याचं एक कार्ड घ्यायचं. तेच परमिट. त्यावर खांबाचं नाव आणि घेणाऱ्याची सही. वर गेल्यावर तारांना जमिनीशी जोडणारी साखळी लावायची, काम झालं की ती काढायची, खाली उतरायचं, आणि त्याच माणसाने स्वतःच्या हाताने 'परत' असं लिहिलेल्या रकान्यात सही करून कार्ड द्यायचं. मग ते भिंतीवरच्या त्या खांबाच्या खिळ्याला लागायचं. खिळा रिकामा म्हणजे माणूस वर. माणूस वर असताना दिल्लीहून फोन आला तरी लाइन चालू करायची नाही.

हे सगळं पूर्वी सोपं होतं, कारण लाइनला तोंड एकच असायचं. फोरमन लुईस म्हणायचा, आपली लाइन म्हणजे ताडाचं झाड. बुंधा तुटला की वरची पानं गेलीच. लुईस कोंडिवट्याचा, जुन्या ख्रिस्ती गावठाणातला. त्याचा आजा खाडीत जाळं टाकायचा. सदुसष्टच्या डिसेंबरात कोयनेला भूकंप झाला आणि इकडे मुंबईतले दिवे गेले, तेव्हा या लुईसनेच साहेबाला सांगितलं, "साहेब, लाइनी एकमेकींना जोडा. जाळं करा. एक गाठ सुटली तरी दुसरीने धरलं पाहिजे. उद्या वीज कुठनं येईल नि कुठं लागेल, कोणाच्या बापाला ठाऊक?" गोठोसकरने ते ऐकलं, स्वतःच्या नावाने वर लिहून पाठवलं, आणि पहिली गाठ चकाल्याच्या खांबावर मारली. अंधेरीची लाइन आणि घाटकोपरची लाइन तिथे भेटली. त्या दिवसापासून चकाल्याच्या खांबाला दोन तोंडं झाली.

आणि दोन तोंडांचं जनावर दोन बाजूंनी चावतं, हे सगळ्यांत आधी भीमराजला कळलं.

अडुसष्टचा सप्टेंबर. लुईस रजा टाकून बांद्र्याच्या जत्रेला गेला होता. भीमराजने दोन्ही बाजू बंद करून घेतल्या, परमिट घेतलं, सही केली, वर चढला. काम झालं. साखळी काढली. उतरायला पाय खाली घातला. इकडे एका कारखानदाराचा फोन वाजतोय, तो शिव्या घालतोय, त्याच्या भट्ट्या थंड होतायत. गोठोसकरने ऑपरेटरला जेवायला पाठवलेलं. भिंतीवर चकाल्याचा खिळा रिकामा. गोठोसकरने घड्याळ बघितलं, खिळा बघितला नाही, आणि घाटकोपरची बाजू चालू केली.

भीमराजला तारेवरून उतरवलं ते परस्पर इस्पितळातच नेलं. खाली उतरवून गाडीत घालायच्या आधी गोठोसकर स्वतः धावत खांबापाशी गेला होता. लोक म्हणाले, बघा, साहेबाला किती कळवळा! कळवळ्याने गेलेला हा माणूस भीमराजच्या खिशातलं कार्ड काढून घेऊन आला.

चौकशीला तीन साहेब बसले. कार्ड टेबलावर होतं. 'घेतलं' या रकान्यात भीमराजची सही, मोठा 'भी', लोंबणारा 'ज'. 'परत' या रकान्यात निळा अंगठा. गोठोसकर म्हणाला, "परत करताना हात ग्रीसने भरलेले होते, म्हणाला अंगठा लावतो. मी लावू दिला. मग काहीतरी राहिलं म्हणून मला न विचारता पुन्हा वर चढला." शेवंती उभी राहिली. कुंकू पुसलेलं कपाळ जखम झाल्यासारखं दिसत होतं, पण आवाज साफ होता. म्हणाली, "माझा नवरा अंगठा लावत नाही." तिघांतला एक हसला. नुसता हसला, बाकी काही नाही. कागदावर लिहिलं गेलं, कामगाराचा स्वतःचा निष्काळजीपणा. मेलेला माणूस चोर ठरला आणि चोर साक्षीदार.

तेवढ्यावर भागलं असतं तर कदाचित शेवंती रडून, ऊर बडवून गप्प बसली असती. पण गोठोसकरने कंट्रोल रूमच्या दारात पाटी लावली. नव्या पोरांना पहिल्या दिवशी ती मोठ्याने वाचायला लावायचा. शेवंतीला तेव्हा वाचता येत नव्हतं. नोकरीला लागून दोन महिने झाले असतील, शाळा सुटल्यावर शकु किल्ली मागायला आली. तिसरीतली पोर. तिला कुठेही अक्षर दिसलं की वाचायची खोड. दारात उभी राहून बोट ठेवून वाचू लागली, "भीम-राज या-ने के-ले-ला नि-ष्का-ळजी-पणा तु-म्ही क-रू न-का." वाचून झाल्यावर तिने आईकडे बघितलं. "आई, आपले बाबा?"

शेवंतीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण ती म्हणाली, "दुसरा असेल कुणी. घरी जा, भात झाकून ठेवलाय." त्या दिवसानंतर शकु कधी तिथे आली नाही आणि रस्त्याने जाताना पाट्याही वाचेनाशी झाली. शेवंतीने मनाशी ठरवलं, ती पाटी उतरेल, आणि ज्याने लावली त्याच्याच हाताने खोटी ठरेल. त्याखेरीज तिला जगात काही नको होतं.

मग ती पोरीच्याच पाटीवर अक्षरं गिरवायला बसली.

काचेचं तिला दुसऱ्या वर्षी कळलं. गोठोसकरच्या टेबलावर मोठी काच होती. संध्याकाळी हा फाइली बघता बघता बोटं टेकवायचा, तंबाखू मळलेली, घामेजलेली. सकाळी शेवंती पुसायला यायची तेव्हा ऊन तिरकं पडलेलं असे आणि काचेवर त्याची बोटं उमटलेली दिसत. इतर बोटं कुणाचीही असावीत तशी. पण उजव्या अंगठ्याच्या ठशात मधोमध एक आडवी पांढरी रेघ. उमेदवारीत केबलची सुरी लागली होती म्हणे. तीनशे वेळा तिने तो ठसा पुसला असेल. आणि एका सकाळी फडकं तसंच हातात राहिलं. चौकशीच्या टेबलावर तिने तो निळा अंगठा जवळून बघितला होता. त्यातही मधोमध पांढरी रेघ होती. भीमराजच्या अंगठ्याला रेघ नव्हती. त्याच्या हाताचा कण न् कण तिला ठाऊक होता.

"मेल्याने स्वतःचाच लावला!" ती लुईसला म्हणाली. "ह्यांचा मुडदा इस्पितळात. मग लावणार कुणाचा? त्याला वाटलं, ही माणसं अंगठाच लावतात. सहीची नक्कल जमेना, मग लावला स्वतःचा!"

लुईसने छातीवर क्रूस केला. जत्रेला गेल्याचं त्याच्या मनात सलतच होतं. "वहिनी, खरं असेल तुझं. पण कार्ड त्याच्या कपाटात, किल्ली त्याच्या खिशात. आपण बोललो की संध्याकाळपर्यंत कार्डाची राख, नि आपण दोघं रस्त्यावर. ताकास तूर लागू देऊ नकोस."

तिने लागू दिली नाही. चहात आलं घालत राहिली. हळूहळू झाडू बाजूला पडला आणि परमिटांच्या खिळ्यांचा फळाच तिच्याकडे आला, कारण कार्डाच्या बाबतीत शेवंती चुकत नाही असं लुईसने सगळ्यांना पटवलं. गोठोसकरलाही ते झकास वाटलं. पाहुण्यांना दाखवायचा, "ही आमची शेवंती. झाडूवालीला मी कुठल्या कुठे आणलं बघा." ती मान खाली घालून उभी राहायची. मान खाली घातली की दात दिसत नाहीत.

बहात्तरला पावसाने तोंड फिरवलं. धरणं आटली, वीज निम्म्याने कापली गेली, मरोळचे कारखाने आठवड्यातून दोन दिवस बंद पडू लागले. त्र्याहत्तरला तेल महागलं. तारापूरची अणूची वीज आज आहे, उद्या नाही. दिंडोशीच्या टेकडीखाली कुठल्या वसाहती उठणार, देवनारकडे काय येणार, कुणालाच सांगता येईना. मग कंपनीला लुईसचं जाळं आठवलं. वर्षभरात अंधेरी, घाटकोपर, मुलुंड आणि बोरिवली अशा चारही बाजू जोडत आणल्या. कुठूनही वीज येवो, कुठेही वळवा. त्यातली शेवटची कडी राहिली होती ती चकाल्याच्याच खांबावर.

"जाळं जेवढं लवचीक, तेवढा माणसाचा शब्द ताठ लागतो," लुईस म्हणाला. "चार तोंडं झाली, वहिनी. आता कार्ड खोटं निघालं तर एक माणूस नाही, दहा जातील."

शेवंती म्हणाली, "मला एकच हवाय."

गोठोसकरने शेवटच्या कडीचा सोहळा मांडला. हेड ऑफिसचे मोठे साहेब, कारखानदार, फोटोवाला, खांबाखाली मांडव, बॅटरीवरचा लाउडस्पीकर. हे पार पडलं की तो हेड ऑफिसला मोठ्या खुर्चीवर जाणार होता. हौस अशी की शेवटची कडी तो स्वतः वर चढून जोडणार. "मी काही खुर्चीत बसलेला साहेब नाही, मी लाइनमध्ये वाढलोय," असं तो महिनाभर सांगत होता. वरून बोलता यावं म्हणून त्याने माइक आणि कंट्रोल रूमशी जोडलेला फोन, दोन्ही दोरीने वर घ्यायचं ठरवलं.

त्या दिवशी सकाळी त्याची धांदल उडालेली. किल्ल्यांचा जुडगा त्याने शेवंतीच्या हातात टाकला. "कपाटातून मोठा नकाशा काढ. गुंडाळी आहे. पटकन!"

एवढी वर्षं तिने त्या जुडग्याकडे नुसतं बघितलं होतं. नकाशा वरच्या कप्प्यात होता. खालच्या कप्प्यात, चौकशीच्या फाइलीत, टाचणीला गंज चढलेलं एक पुठ्ठ्याचं कार्ड होतं. तिने नकाशा काखेत घेतला आणि कार्ड चोळीत घातलं. किल्ल्या परत दिल्या.

मग गोठोसकर फळ्यापाशी आला. चकाल्याचं नवं कार्ड घेतलं, ऐटीत सही केली, खिशात घातलं. "खाली येऊन परत देईन हं, शेवंती. नियम म्हणजे नियम!" फोटोवाल्याने फोटो काढला. ऑपरेटर आणि बाकीची सगळी पोरं सोहळा बघायला गेली. कंट्रोल रूममध्ये लाइन चालू-बंद करायच्या खटक्यापाशी लुईस आणि फोनपाशी शेवंती, एवढीच दोघं उरली.

"लुईसभाऊ," ती म्हणाली, "मी सांगेन तेव्हा चालू करा."

लुईसने रिकाम्या खिळ्याकडे बोट केलं. "कार्ड त्याच्या खिशात आहे, वहिनी."

"ह्यांच्याही होतं."

लुईस खटक्यावर हात ठेवून उभा राहिला.

चार वाजून दहा मिनिटांनी फोन वाजला. खांबावरच्या फोनमधून गोठोसकरचा आवाज आला, मागे लाउडस्पीकरमधून तोच आवाज घुमत होता. तो खालच्या मंडळींना सांगत होता की कडी जोडली, साखळी काढली, आता तो खाली येणार, आणि मग चारी दिशांची वीज एका जाळ्यात खेळणार. टाळ्या वाजल्या.

"साहेब," शेवंती म्हणाली, "थांबा. हलू नका. चकाल्याचं परमिट परत आलंय."

"काय?"

"माझ्या हातात आहे. 'परत'च्या रकान्यात अंगठा आहे. मधोमध रेघ आहे. तुमचाच आहे, साहेब."

तो हसल्यासारखं करून म्हणाला, "अगं वेडी का तू? कार्ड माझ्या खिशात आहे."

"भीमराजच्याही खिशात होतं. तुम्हीच काढलंत ना? परमिट परत आलं की लाइन द्यायची, तुम्हीच शिकवलंय. आता दोनच गोष्टी. हा अंगठा भीमराजचा, म्हणजे परमिट खरं, म्हणजे मी लाइन देते. नाहीतर सांगा कुणाचा."

"शेवंती, हे बघ, मी खाली येतो, मग आपण—"

"पाय हलवू नका. तारा चारी बाजूंनी आहेत. ह्यांनी पायच हलवला होता."

खाली लोक कुजबुजायला लागले असावेत. लाउडस्पीकर तिचं बोलणं सांगत नव्हता, पण साहेबाचं सांगत होता. "शेवंती... अगं ए... कोण आहे तिथं? लुईस! फोन घे! लुईस!" गोड आवाज फाटला होता. शेवंतीच्या अंगावर काटा आला. भीतीचा नव्हे. इतक्या वर्षांत पहिल्यांदा तिच्या तोंडाला चव आली. भीमराजला असं ओरडायलाही मिळालं नव्हतं. तिने तोंड फिरवलं आणि फोन कानापासून न काढता म्हणाली, "लुईसभाऊ, द्या."

लुईसने खटका मारला. धाड! कंट्रोल रूमच्या काचा थरथरल्या. तो आवाज फोनमधून थेट चकाल्याच्या खांबावर गेला, आणि त्या आवाजाचा अर्थ गोठोसकरइतका मुंबईत कुणालाच कळत नव्हता.

"माझा!" तो किंचाळला. "माझा अंगठा! मी लावला! तो वर होता, कार्ड खिशात होतं, मी बघितलं नाही! आई गं! बंद कर! बंद कर!"

लाउडस्पीकरने ते चकाल्यापासून पार रस्त्यापर्यंत ऐकवलं.

शेवंती वाट बघत राहिली. ठिणगीचा आवाज, लोकांची बोंब, काहीतरी. फोनमधून फक्त रडणं येत होतं. माणूस जिवंत होता. तिने फोन खाली ठेवला.

"भाऊ, खटका मारलात ना? मग हा मेला कसा नाही?"

लुईसने तिला खटक्यांच्या पेटीमागे नेलं. पेटीतला चाकांचा गाडा, ज्यातून वीज लाइनला जाते, तो हातभर बाहेर ओढलेला होता. "सकाळीच ओढून ठेवला. खटका वाजला नुसता. वीज इथनं हललीच नाही."

"मला का नाही सांगितलं?"

"सांगितलं असतं तर तुझा आवाज त्याला खरा वाटला असता?"

शेवंती त्या गाड्याकडे बघत राहिली. तिने 'द्या' म्हटलं होतं ते खरंच म्हटलं होतं. ते तिलाही ठाऊक होतं आणि लुईसलाही. तिचे डोळे भरले, पण रागाने. "ह्यांचा गाडा कुणी असा बाहेर ओढून ठेवला नव्हता, लुईसभाऊ."

"मी असतो तर ठेवला असता, गो," लुईस म्हणाला. त्याने खटका पुन्हा बंद केला, गाडा आत ढकलला आणि तोंड फिरवून डोळे पुसले.

अर्ध्या तासाने कंपनीची गाडी आवारात शिरली. मोठे साहेब पुढे, मागे दोन कारखानदार, मागे कामगारांचा घोळका, आणि मध्ये गोठोसकर. कपडे धुळीने भरलेले, पण गाडीत बसून जीभ पुन्हा जाग्यावर आलेली. "सर, ही बाई मला मारायला निघाली होती. मृत्यू समोर दिसल्यावर माणूस काहीही बडबडतो. मी जे बोललो ते जीव वाचवायला बोललो. पोलिसांना बोलवा!"

मोठे साहेब शेवंतीला म्हणाले, "बाई, तुम्ही लाइन चालू केलीत?"

"नाही, साहेब. गाडा बाहेर होता. लुईसभाऊंना विचारा." मग ती फळ्याकडे वळली. "पण लाइन अजून बंदच आहे. मरोळचे कारखाने बसलेत. चकाल्याचा खिळा रिकामा आहे. खिळा रिकामा म्हणजे माणूस वर. परमिट ज्याने घेतलं त्यानेच परत करायचं, तोवर मी लाइन देऊ शकत नाही."

एक कारखानदार ओरडला, "अहो द्या ना ते कार्ड! माझा माल भट्टीतच गोठतोय!" दुसऱ्यानेही सूर धरला. पाच वर्षांपूर्वी हाच आवाज फोनवर होता की काय, देव जाणे. मोठे साहेब म्हणाले, "गोठोसकर, परमिट परत करा."

गोठोसकरने खिशातून कार्ड काढलं, ओलं, चुरगळलेलं. टेबलावर ठेवलं आणि खिशातून पेन काढलं.

शेवंतीने पेन हाताने बाजूला सारलं आणि शाईचं पॅड पुढे केलं.

"सही नको, साहेब. हात बघा तुमचे, ग्रीसने भरलेत. अंगठा लावा."

गोठोसकरने उजवा हात पाठीमागे घेतला.

"अहो, लावा की," कारखानदार म्हणाला. "अंगठाच तर मागतेय!"

"लावा," मोठे साहेब म्हणाले. त्यांनी गाडीत काहीतरी जुळवलं असावं, कारण आता ते गोठोसकरच्या तोंडाकडे नव्हे, त्याच्या हाताकडे बघत होते.

त्याने लावला. दाबला नाही, पुसट उमटावा म्हणून नुसता टेकवला. शेवंतीने त्याचं मनगट धरलं आणि अंगठा पुठ्ठ्यावर नीट, सगळीकडून दाबला. एखाद्या अडाण्याचा कचेरीत धरतात तसा. मग तिने चोळीतून जुनं कार्ड काढलं आणि नव्याच्या शेजारी ठेवलं. दोन निळे अंगठे. दोन्हींत मधोमध आडवी पांढरी रेघ. त्यातल्या एकावर वरच्या रकान्यात मोठा थोरला 'भी' होता आणि शेपटी लोंबणारा 'ज'.

मोठ्या साहेबांनी चष्मा लावून दोन्ही कार्डं खिडकीपाशी नेली. परत आले तेव्हा त्यांनी गोठोसकरला बसायलाही सांगितलं नाही. फक्त शेवंतीला विचारलं, "बाई, तुम्हाला काय हवंय?"

"ती पाटी," शेवंती म्हणाली. "गोठोसकर साहेबांच्याच हाताने उतरवा. आणि उतरवायच्या आधी मोठ्याने वाचायला लावा. नव्या पोरांना लावतात तशी. फक्त नाव खरं घालून."

गोठोसकरने वाचली. पहिल्यांदा अडखळला, तेव्हा शेवंती म्हणाली, "ऐकू नाही आलं, साहेब." दुसऱ्यांदा त्याने स्वतःचं नाव घालून मोठ्याने वाचली आणि पाटी उतरवली.

मग शेवंतीने टाक घेतला. नव्या कार्डावर 'परमिट परत घेतलं' या ओळीपुढे स्वतःची सही केली, सावकाश, एक एक अक्षर गिरवत, कारखानदार घड्याळ बघत असताना. कार्ड चकाल्याच्या खिळ्याला अडकवलं.

"लुईसभाऊ," ती म्हणाली, "आता द्या लाइन. खांबावर कुणी नाही."